तिसऱ्या दरवाज्याचा पहारेकरी

काठी आडवी धरून आजोबांनी त्या लोखंडी माणसाला वेशीवरच अडवलं.

"शिरस्त्राण काढ आधी," ते म्हणाले.

त्याच्या हातातली तलवार आजोबांच्या नातीच्या, आसेनाथाच्या उंचीची होती आणि आजोबांच्या हातात डुकरं हाकायची काठी. पण त्यांच्या गावात डोकं झाकून कोणी शिरत नाही, मग तो राजधानीतून, सुवाहून आलेला साहेब असो की टीव्हीतून उतरलेला पहारेकरी. इलाईतिया आजोबा गावाचे कारभारी होते. बाकी काही कळो न कळो, कारभाऱ्याला एवढं तरी बघावंच लागतं.

"पळ तू," नीरफणसाच्या आडून वाईसाके पुटपुटला. त्याने कोयता हातात घेतला होता. "तुलाच शोधत आलाय."

आसेनाथाला ते कळत होतं, पण ती जागची हलली नाही. वाईसाके तिचा चुलत भाऊ. सुट्टीला येताना तो सुवाहून खेळाचं यंत्र घेऊन आला होता, आणि वेशीबाहेरच्या सभाघरातल्या टीव्हीला ते जोडून दोघं रोज त्यापुढे बसायची. खेळात आसेनाथा तांबड्या झग्याचा एक दांडगा दाढीवाला व्हायची. तिसऱ्या दरवाज्यावर हा पहारेकरी उभा असायचा. त्याला मारलं की गुण मिळत. मागे फिरून परत आलं की हा पुन्हा जागेवर हजर, पुन्हा गुण. मग पुढे जायची घाई कशाला? डावीकडे झुकून त्याचा वार चुकवायचा आणि मानेपाशी चिलखताच्या फटीत तलवार घालायची, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती कसाव्याचा उकडलेला कंद चघळत, वाईसाकेशी गप्पा मारत त्याला मारायची.

आज दुपारीही मारलं होतं. तेवढ्यात आजीने जेवायला हाक मारली, म्हणून यंत्र तसंच चालू ठेवून दोघं उठली. परत येऊन बघतात तर टीव्हीत दरवाजा उघडा, समोर पडलेलं प्रेत गायब, आणि सभाघराच्या चटईवर चिखलाची पावलं उमटलेली.

पहारेकऱ्याने शिरस्त्राण काढलं. आत एक साधासुधा चेहरा होता, घामेजलेला, वाईसाकेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पोराचा. मानेच्या उजव्या बाजूला मात्र व्रणांवर व्रण चढले होते. जुने, ताजे, एकमेकांत मिसळलेले. ते व्रण आसेनाथाच्या ओळखीचे होते.

"कोणी केलं रे हे?" आजोबांनी विचारलं.

"तांबडा झगा घालून एक जण येतो. रोज येतो."

"आणि आज तू त्याच्यामागे आलास."

"हो. मला त्याला एक विचारायचंय."

तो कोणत्या भाषेत बोलला ते नंतर कोणालाच धड सांगता आलं नाही. समजलं मात्र सगळ्यांना.

"विचार ना, कोण नको म्हणतंय," आजोबा म्हणाले. "पण आधी रीत. काय आणलंयस गावासाठी?"

पहारेकऱ्याने आपले रिकामे हात पाहिले. त्याच्या जगात रिकाम्या हाताने आल्याची लाज कोणी शिकवली नसावी, पण ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली. आजोबांनी सुस्कारा सोडला आणि वाईसाकेला घरातून यंगोनाची, मानाचं पेय करायच्या मुळांची, जुडी आणायला पिटाळलं. आपल्याच घरातली मुळं पाहुण्याच्या हातात द्यायची आणि मग ती त्याच्याकडून मानाने स्वीकारायची, असला सेवुसेवु, म्हणजे पाहुण्याला गावात घ्यायचा विधी, गावाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. दोन-चार बायका हातातल्या पंख्याआड हसल्यासुद्धा. आजोबा हसले नाहीत. त्यांनी जुडी हातात घेतली, पूर्वजांची नावं घेतली, जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं. आता हा गावचा पाहुणा," ते म्हणाले आणि त्यांनी वाईसाकेच्या कोयत्याकडे रोखून पाहिलं. "याला कोणी हात लावला, तर तो मला लावला."

मंडळी आजोबांच्या घरात चटईवर बसली. लाकडी परातीत यंगोना कालवायला घेतला. वाईसाकेने आसेनाथाला मागच्या दाराशी ओढलं.

"मी जाऊन बटण बंद करतो. हा बाहेर असताना बंद केलं की संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे संपला. परत नाही उठणार."

"आजोबांनी सेवुसेवु घेतलाय, वाई."

"तर मग बस इथेच. तुझी मान आणि तुझं नशीब."

बंद कर म्हणायला तिची जीभ रेटेना, नको म्हणायचाही धीर होईना. तेवढ्यात आतून आजोबांनी हाक मारली.

"आसेनाथा, पाहुण्याला करवंटी दे बघू."

भरलेली करवंटी घेऊन ती वाकत वाकत त्याच्यापुढे गेली. त्याने घ्यायला हात पुढे केला. एवढंच झालं. पण तो हात येताना दिसला आणि तिचं अंग आपोआप डावीकडे झुकलं. यंगोना चटईवर सांडला.

पहारेकऱ्याचा हात तिथेच थांबला.

"तू," तो म्हणाला.

आजोबांनी मान वर केली. आसेनाथाला खोटं बोलता आलं असतं, कोणालाही पटलं असतं. सोळा वर्षांची काटकुळी पोर आणि तो दाढीवाला, काय संबंध?

"मीच," ती म्हणाली. "रोज मीच."

आता हा तलवार उचलणार, असं तिला वाटलं. त्याच्या मानेकडे बघताना असंही वाटलं, की उचलावीच.

त्याने तलवारीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पुढे सरकला आणि हळू आवाजात, जणू विचारणं चूक असावं तसं, म्हणाला, "दरवाज्यामागे काय आहे?"

"म्हणजे?"

"मला मागे वळता येत नाही. तू मला मारून आत जातेस. तू बघितलं असशील. मी कशासाठी उभा असतो तिथे?"

आसेनाथाने बघितलं होतं. फरसबंदी अंगण होतं, अंगणात एक पेटी, पेटीत मशालीला लागणारं तेल. एवढंच. हल्ली तर ती आतही जात नव्हती. त्याला मारायचं आणि मागे फिरायचं.

"गाव आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा बदलला. मग तिला थांबताच येईना. समुद्रकाठी घरं आहेत, ती म्हणाली. ओहोटी लागली की बाया जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि एकमेकींच्या नवऱ्यांवरून खिदळतात. पोरं धक्क्यावरून उड्या मारतात. म्हातारी माणसं सावलीत बसून कोणाचं कोणाशी जुळतंय ते ठरवतात. रात्री कोणी दार लावत नाही. दरवाज्यावर पहारा आहे ना, म्हणून.

तो डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने दुसरी करवंटी एका घोटात संपवली, बाकीच्यांसारख्या टाळ्या वाजवल्या आणि उठला. तलवार घेतली, शिरस्त्राण काखेत मारलं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला आणि सभाघराच्या वाटेला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर आजोबांनी विचारलं, "खरंच आहे गाव?"

"नाही."

आजोबांनी रिकामी करवंटी हातात घेऊन फिरवली.

"मी नाही खेळणार यापुढे," आसेनाथा म्हणाली. "शपथ घेते, आजोबा."

"तू नाही खेळलीस म्हणून काय झालं?" वाईसाके दारातून म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता. "सुवाला माझ्या वर्गात निम्म्या पोरांकडे हाच खेळ आहे. हाच दरवाजा, हाच माणूस. आता तर गाव राखायचंय म्हणून तो हटायचाही नाही."

आसेनाथा उठली आणि धावत सुटली.

सभाघरात तो टीव्हीसमोर उभा होता. अजून आत गेला नव्हता. टीव्हीतला दरवाजा दुपारपासून तसाच उघडा होता, आणि त्यातून अंगण दिसत होतं, ऊन पडलेलं, मोकळं.

"पेटी आहे," तो मागे न बघता म्हणाला.

"हो."

"काय असतं तिच्यात?"

"तेल."

"मशालीचं?"

"हो." तिला रडू कोसळलं. "दादा, नको जाऊस. आजोबा म्हणालेत ना, तू गावचा पाहुणा. इथेच राहा. मी खोटं बोलले."

तो तलवार बाजूला ठेवून, चिलखताचा खडखडाट करत चटईवर बसला. उभं राहण्याची सवय असलेल्या माणसाला बसणं जमत नव्हतं. गुडघे कुठे ठेवावे, ते त्याला कळेना.

"त्या जाळ्यांचं सांग परत," तो म्हणाला. "बाया पाण्यात उतरतात, तिथून."

आसेनाथाने पालथ्या हाताने नाक पुसलं. पेटी त्याला दिसू नये अशी ती टीव्हीच्या आणि त्याच्या मध्ये बसली, आणि सांगू लागली.