खांदेमळणीचं लोणी

पोखर्णीत तेव्हा मोटार एकच होती, आणि तिच्या चालण्यापेक्षा बंद पडण्याची चर्चाच गावाला जास्त आवडायची. निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शननंतर कुणा जहागीरदाराने चंबूगबाळं आवरलं, तेव्हा त्याची ही जुनीपुराणी गाडी व्यंकटरावांनी घेतली. व्यंकटराव गावातले मोठे जमीनदार. त्यांचा पहिला ड्रायव्हर तेल न बघता गाडी हाकायचा, दुसरा पाणी न बघता. दोघेही गेले. तिसरा भुजंग. हा घरचाच माणूस, म्हणजे व्यंकटरावांचे बैल सांभाळणाऱ्या उमाजीचा थोरला मुलगा.

भुजंगाने परभणीला बन्सीधर मिस्त्रीच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती. तिथून तो गाडीपेक्षा सवयीच जास्त शिकून आला. रोज सकाळी इंजिन गार असतानाच पाणी बघायचा, कारण तापल्यावर झाकण उघडलं तर तोंड भाजतं. तेलाची काडी पुसून दोनदा बुडवायचा. पहिली काडी खोटं बोलते, असं बन्सीधरचं म्हणणं. हे सगळं तो मोठ्याने बोलत बोलत करायचा, आणि त्याची बायको मनकर्णा शेणाची पाटी उचलताना हसायची.

"झालं का तुमचं स्तोत्र? देवाला बी इतकं रोज म्हणत न्हाईत तुमी."

"देव वाटंत बंद पडत न्हाई," भुजंग म्हणायचा.

स्तोत्र संपायचं ते हँडलापाशी, म्हणजे गाडीच्या तोंडात घालून इंजिन चालू करायच्या लोखंडी दांड्यापाशी. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून आवळायचा नाही. हँडल उलटं फिरलं तर आवळलेला अंगठा मोडतो. पहिल्याच आठवड्यात भुजंगाने हे अनुभवाने पक्कं केलं होतं. महिनाभर अंगठा सुजून होता. शेजारच्या गोठ्यातून उमाजीने ते पाहिलं, आणि अवाक्षर काढलं नाही.

उमाजीचं घराणं मेंढरांचं. मेंढरं गेली, पण जनावराशिवाय त्याला करमेना, म्हणून तीस वर्षांपूर्वी तो व्यंकटरावांच्या बैलांपाशी आला. आपल्यामागे भुजंग बैल बघेल, हे त्याने धरूनच चाललेलं. पोरगा लोखंडाच्या नादी लागला, तेव्हा तो रागावलाही नाही. फक्त मोटारीविषयी बोलायचं सोडलं. तीन वर्षं बाप-लेक एका ताटाशी बसत, पाऊसपाण्याचं बोलत, पण अंगणातली एवढी मोठी मोटार उमाजीला जणू दिसतच नव्हती. भुजंगाला ते फार लागायचं. बापाने एकदा दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्या श्रावणात गाडीचे टायर आठ दिवसांत दोनदा बसले, दोन्ही वेळा पाहुणे आत असताना. टायर जुने, त्यात भुजंगाचा काय दोष? पण व्यंकटरावांचं नाक वर होतं. त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "आता आणखी एकदा वाटंत बसली का मी हिला मोडीत घालतो. आन तू जा बैलामागं."

भुजंगाने ते मनावर घेतलं. पोळ्याच्या दिवशी व्यंकटरावांची लेक कडूबाई आणि जावई रेल्वेने परभणीला उतरणार होते, त्यांना आणायला गाडी जायची होती. म्हणून आदल्या दुपारीच भुजंगाने मागची दोन्ही चाकं काढली. त्या जुन्या गाडीला ब्रेक होते ते मागच्या चाकांनाच. आतल्या ब्रेकच्या कमानी आणि त्यांवरचे पट्टे त्याने चिखलमाती काढून लख्ख पुसले. तेवढ्यात मालकिणीने, सुमनबाईंनी, दळण आणायला धाडलं. तो परतला तेव्हा दिवेलागण झाली होती.

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं त्यांना सांगायचं. गोठ्यातली ती गडबड आता आटोपत आली होती. मनकर्णा जेवायला हाका मारत होती. बन्सीधर मिस्त्रीचा शेवटचा धडा असा, की जे उघडशील ते झाकायच्या आधी त्यावर एकदा हात फिरव. भुजंगाने त्या दिवशी हात फिरवला नाही. अंधुक उजेडात चाकं चढवली, नट आवळले आणि जेवायला बसला.

सकाळी निघताना त्याने ब्रेक दाबून पाहिला. गाडी थांबली. पण पावसाने अंगणात घोटाभर चिखल होता, तिथे ती तशीही थांबलीच असती. हे त्याच्या ध्यानात यायला नको होतं का? पण शेजारी व्यंकटराव घड्याळ बघत होते.

गावाबाहेर ओढ्याचा उतार लागतो. पोळ्याची सकाळ, त्यामुळे ओढा बैलांनी आणि माणसांनी भरला होता. अर्ध्या उतारावर भुजंगाने ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली खालीच गेला. चाकं नुसती घासल्यासारखी झाली, गाडीचा वेग काही कमी होईना. त्याने हातातला ब्रेक ओढला. तोही त्याच चाकांचा, तोही तसाच. खाली पाण्यात पाठमोरा उमाजी बैलाची पाठ चोळत उभा होता. भुजंगाने सगळा जोर लावून गाडी खालच्या गिअरात घातली, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, आणि मोटार बांधावरून उडी घेऊन ज्वारीच्या काळ्या रानात शिरली. वीस-पंचवीस पावलांवर मातीने तिला कुल्ल्यापर्यंत धरून ठेवलं.

कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. व्यंकटरावांचा फेटा तेवढा मागच्या सीटवर गेला होता. ते खाली उतरले आणि नाक वर करून म्हणाले,

"तूप कुठं कढायलंय?"

खरंच, रानभर ताज्या तुपाचा वास सुटला होता, आणि त्यात थोडा जळका. भुजंगाला काही सुधरेना.

"हँडल आण हिकडं," व्यंकटराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच भुजंग घाबरला. त्याने हँडल दिलं. "झालं तुझं. उद्या गिऱ्हाईक बघतो मी."

आता गाडी बाहेर काढायची कशी? एरवी दोन जोड्या लावल्या की काम भागलं असतं. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मालक सांगो की कुणी सांगो. मग ओढ्यातली माणसंच वर आली. पंधरा-वीस जण चिकटले, आणि मागच्या कोपऱ्याला खांदा लावून उभा राहिला तो उमाजी. तीन वर्षांत त्याचं अंग गाडीला लागताना भुजंगाने पहिल्यांदाच पाहिलं. त्याला बापाकडे बघवेना.

गाडी रस्त्यावर आली. हँडल गेलं तरी दोष काय ते बघितल्याशिवाय भुजंगाला चैन पडणार नव्हतं. त्याने चाक काढलं, वरचं झाकण ओढलं. ब्रेकच्या पट्ट्यांवर पिवळंधमक तूप पाझरत होतं. हळदीचं.

भुजंगाला सगळं कळून चुकलं.

"हे कुणी केलं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"माझी चूक हाय, मालक. चाक चढवायच्या आधी हात फिरवून बघायचं असतं. म्या न्हाई बघितलं."

"म्या इचारलं, लोणी कुणी चोळलं?"

"म्हणलं न्हवं, माझी चूक."

"त्याची न्हाई," मागून उमाजी म्हणाला. त्याने दोन्ही तळवे पुढे केले. रात्री धुऊनही बोटांच्या पेरांत हळद होती. "म्या चोळलं. बैलं झाल्यावर हिकडं आलो. चाक काढून आतलं उघडं पडलेलं. बघितलं तर कातडं झिजलेलं, कोरडं ठाक. माझ्या मनानं घेतलं, हिचा खांदा ह्योच आसंल. लेकाचं जित्राब हाय, वर्सभर राबतंय. त्याला कुणी चोळलं न्हाई कधी."

बोलून तो खाली बघत राहिला. भुजंगाचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याने फडकं उचलून पट्टे पुसायला घेतले.

व्यंकटरावांनी ते पिवळे तळवे निरखून पाहिले. रागीट असले तरी ते शेतकरी होते, आणि त्यांच्या बैलांचे खांदे तीस वर्षं याच हातांनी चोळले होते.

"उमाजी," ते म्हणाले, "आवतण बी दिलंस का हिला?"

"दिलं की. आवतण दिल्याबिगर चोळत आसतेत का?"

"मंग आज हिला निवद द्यावा लागंल." व्यंकटरावांनी कपाळ पुसलं. "आवतण दिलेलं जित्राब इकायचं न्हाई. माझ्या बापानं बी कधी इकलं न्हाई."

त्यांनी हँडल पुढे केलं, पण भुजंगाकडे नाही, उमाजीकडे. उमाजीने ते धोतराला पुसून हातात घेतलं.

भुजंगाने पेट्रोलने भिजवलेल्या फडक्याने पट्टे पुसले, विटेच्या तुकड्याने घासले, आणि झाकायच्या आधी चारदा हात फिरवला. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मग बापाला जवळ बोलावून चाकाच्या मधली ग्रीसची वाटी दाखवली.

"लावायचंच आसंल तर हितं लावत जा, बा. ब्रेकला कदी न्हाई."

उमाजीने वाकून नीट पाहिलं आणि मान डोलावली. मग हँडल त्याच्या हाती दिलं. भुजंग गाडीच्या तोंडाशी गेला, हँडल बसवलं आणि जोर घेणार, एवढ्यात मागून बापाचा आवाज आला,

"अंगठा बोटांसंगं ठेव रं."