ऐकणारी

"पुस्तक हिकडं दे आदी," बनू म्हणाली आणि पिठाचा हात तसाच पुढं केला.

लालासाहेबानं दिलं नाही. छातीशी धरून तो उंबऱ्यावर बसून राहिला. सहामाहीचा निकाल त्याच्या खिशात होता. जीवशास्त्रात पन्नासपैकी चौदा. चार महिने तो परसात येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं वाचत होता. शेजारच्या सुलाबाई म्हणायच्या, "बनुबाई, तुजा भाऊ आमच्या म्हशीला बी पास करंल आता." म्हैस पास झाली असती एखादवेळेस, लाला झाला नाही.

बनूनं हात पुसले, पुस्तक ओढून घेतलं आणि पान उलटलं. पानभर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा.

"समदंच तांबडं केलंस. मग ह्यातलं महत्त्वाचं कंचं रं?"

"तुला काय कळतंय आक्का? इंग्रजी हाय त्ये."

"न्हाई कळत. म्हनूनच म्हनते, मला सांग. पुस्तक मिटून."

बनू त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. उंब्रजच्या शाळेतून सातवी पास झाली आणि फलटणला दिली. तिथं नवऱ्यानं दोन वर्षांत दुसरी बायको केली आणि एसटी यायच्या आधीच्या त्या खासगी मोटारीच्या टपावर ट्रंक चढवून हिला माहेरी धाडलं. लढाई संपली त्या साली वडील, सुभेदार हंबीरराव, पेन्शन घेऊन घरी आले. लालाला सांगलीच्या कॉलेजात सायन्सला घातलं आणि नदीच्या घाटाजवळच्या दोन खोल्यांत त्याच्या भाकरी थापायला बनूला धाडलं. घरात बसलेल्या लेकीचा तेवढाच उपयोग, असं कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

बनूचे सोमवारचे उपास मात्र सुटले नव्हते. आईनं शिकवलेली रीत होती. व्रताची कहाणी एकटीनं पुटपुटायची नाही, ऐकणारी लागते. ऐकणारीनं उजव्या मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला "हं" म्हणायचं. सांगणारी कुठं चुकली तर हुंकार द्यायचा नाही, गप्प बसायचं, म्हणजे ती मागं जाऊन सुधारते. शेवटी अक्षता तुळशीला. आणि चुकीवर कोणी जाणूनबुजून हुंकार दिलाच, तर त्या दिवसाचा उपास ऐकणारीचा वाया गेला. त्या अक्षता देवाला चालत नाहीत.

तिनं कुंकवाचे चार तांदूळ मुठीत घेतले. लाला हसला.

"आगं, बेडकाचं काळीज हाय ह्ये! त्याची काय कहानी ऐकतीस?"

"बेडूक बी देवानंच केलाय. सांग."

तो तीन वाक्यं बोलला आणि अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. कपाळाला घाम आला.

"वाचताना समदं येतंय गं, आन मिटलं की जातंय कुटं कुनास ठाव."

"वाचताना त्ये पुस्तकाला येतंय, तुला न्हाई. आता उगड, न् जिथं अडलास तेवडंच बघ. परत मीट."

त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, पण तिसऱ्या फेरीला काळीज पुरं झालं. तीन खोल्यांचं घर. फुप्फुसातनं आलेलं चांगलं रक्त डाव्या खोलीत, अंगभर फिरून आलेलं वाईट उजव्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांची दारं खालच्या एकाच सोप्यात, म्हणजे ओसरीत.

बनूनं हुंकार दिला नाही. मूठ तशीच धरून बसली.

"आता काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. पर खाली एकच सोपा म्हनतोस. मग चांगलं न् वाईट एकात एक कालवत न्हाई?"

पुस्तकाचं ते पान लालानं चाळीस वेळा वाचलं होतं. त्याला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना विचारून आला आणि चपला काढायच्या आत सांगत सुटला, की थोडं कालवतं, पण पुढच्या नळीत पिळाचा पडदा असतो.

मग घरातला नेमच तो झाला. आज सांगितलेलं उद्या सकाळी पुन्हा, मग येत्या सोमवारी, मग एकादशीला. आकृती बघून काढायची नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मनानंच रांगोळीनं काढायची, मग पुस्तक उघडून ताडून बघायची, चुकली ती रेघ पायानं पुसायची. लाला सारखा डाव्या-उजव्यात फसे. चित्रातली डावी बाजू त्याला बेडकाचीही डावी वाटे. एक दिवस बनूनं त्याला घाटावरच्या देवळात नेलं आणि मूर्तीपुढं उभं केलं.

"देवाचा उजवा हात तुज्या कंच्या बाजूला आला?"

"डाव्या."

"मग बेडूक बी तुज्याकडं तोंड करून उताना पडलाय. त्याची उजवी ती तुजी डावी."

"देवळात बेडकाचं नाव काडतीस व्हय आक्का," लाला हसत म्हणाला. तिनं कान पकडून देवाची क्षमा मागितली. पण लाला त्यानंतर चुकला नाही.

एप्रिलात निकाल लागला. लाला वर्गात दुसरा. घाटाच्या पायऱ्या दोन-दोन चढत आला.

"आक्का, तुजाच सवाल आला हुता! कालवतंय का न्हाई, त्योच! निम्मा वर्ग फसला."

बनूनं देवापुढं साखर ठेवली. मग ट्रंकेतून घडी घातलेला कागद काढला. मिरजेच्या दवाखान्यात नर्सांचं शिक्षण देत. सातवी पास चालत होती, वय पंचवीसच्या आत. तिला पंचविसावं लागलं होतं. फक्त वडिलांची सही हवी होती.

"तू आबांस्नी सांगशील?"

"सांगतो म्हंजे? सही घेऊनच देतो. तू न्हाई व्हनार नर्स तर कोन व्हईल?" लालानं तिच्या पायाला हात लावला. तिला तो खरा वाटला. तेव्हा तो खराच होता.

मे महिन्यात दोघं उंब्रजला गेले. हंबीररावांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. पलटणीत असताना त्यांनी नर्सा पाहिल्या होत्या, त्यांच्या हातून औषधही घेतलं होतं. पण लेकीच्या नावापुढं तो शब्द त्यांना धरवेना.

"लोकांची मलमपट्टी करनार तू?"

"आवं आबा, पुन्याईचंच काम हाय की त्ये."

"मला ह्यातलं समजत न्हाई. लाला शिकल्याला हाय. लाला म्हनंल तसं." त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि पोराकडं पाहिलं.

लाला पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. बनू दाराआड उभी होती. एक "व्हय" हवं होतं, फक्त एक.

"औंदा इंटर हाय आबा," तो म्हणाला. "इंटरवरच डाक्टरी ठरतीया. आक्काबिगर माजा अभ्यास हुईत न्हाई. तिला सांगितल्याबिगर डोस्क्यात ऱ्हातच न्हाई माज्या."

"बरं, मग म्होरच्या साली जाऊ दे."

"म्होरच्या साली तिचं वय बसत न्हाई," लाला हळूच म्हणाला. त्याला ते ठाऊक होतं.

हंबीररावांनी टाक पुसून ठेवला. "पोराचं व्हऊ दे आदी. बाईमानसाला काय, घर सुटत न्हाई."

परतीच्या मोटारीत कराड ओलांडल्यावर लाला बोलला. "मी डाक्टर झालो की माज्याच दवाखान्यात ऱ्हा आक्का. तुला कुनाची परीक्षा द्यायची गरजच न्हाई."

बनू खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होती. रडली नाही. एवढंच तिच्या मनात आलं, की आपण नीट ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्याच सोमवारी सकाळी लालानं तुळशीजवळ पाट मांडला. "आक्का, आता सशाचं काळीज. चार खोल्यांचं. ऐक."

ती आली. अंघोळ झाली होती, पाणीसुद्धा प्यायली नव्हती. अक्षता घेऊन समोर बसली. लालानं पुस्तक मिटलं आणि आत्मविश्वासानं सांगू लागला. आता तो अडत नव्हता. दर वाक्यानंतर हुंकारासाठी सवयीनं थांबायचा आणि पुढं जायचा.

"फुप्फुसातनं चांगलं रगत येतंय, त्ये उजव्या खोलीत."

आणि थांबला.

बनूनं वर पाहिलं. समोर तुळस होती, दिवा जळत होता. रांगोळीतलं काळीज त्यानं मनानं काढलेलं, सुबक. फक्त डाव्याचं उजवं झालेलं. तिची मूठ घट्ट मिटली. मूर्तीपुढं उभा केलेला, हसणारा पोर तिला क्षणभर दिसला.

"हं," ती म्हणाली.

लाला पुढं गेला. तिथून शेवटपर्यंत सगळं रक्त उलटं वाहिलं. वाक्यावाक्याला बनू "हं" म्हणत गेली, एकही चुकवला नाही. सांगून झाल्यावर त्यानं पुस्तक उघडून ताडून पाहिलं नाही. आक्का थांबली नाही म्हणजे बरोबरच.

"एका दमात आलं बग! आता उद्या परत." शीळ घालत तो नदीवर गेला.

बनू उठली. मूठ उघडली. घामानं कुंकू तळव्याला लागलं होतं. तुळशीकडं न जाता तिनं ते चार दाणे परसात चिमण्यांना टाकले, हात धुतला आणि चुलीपाशी बसली.

लाला अंघोळ करून परतला तेव्हा ती पानात भाकरी-आमटी घेऊन जेवत होती.

"आक्का? आज सोमवार न्हवं?"

"व्हय, सोमवारच," बनू म्हणाली आणि दुसरी भाकरी मोडली.