चार मतांचं घर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वच्छलाबाईंना सगळं जग निळसर दिसायचं. दूध निळं, नवऱ्याचं, म्हणजे आप्पांचं, धोतर निळं, चुलीतली राखसुद्धा निळी. शेजारणी हसायच्या. वच्छलाबाई मात्र उंबऱ्यावर बसून बघतच राहायच्या. इतकी वर्षं हे सगळं कुठं होतं, असं त्यांना वाटायचं. चालायच्यासुद्धा अर्धवट झोपेत असल्यासारख्या, हळू आणि स्वतःशीच हसत.

दिवाळी सरली होती. मुलगा आदिनाथ आणि सून वनमाला ऊसतोडीला गेलेले, ते मतदानापुरते गावी आले. चकलांब्यात आप्पांच्या घराची मतदानाची रीत ठरलेली होती. सगळ्यांनी अंघोळी करून, ठेवणीतले कपडे घालून एकत्र निघायचं. वाटेतल्या वळणावर आप्पा थांबणार आणि कुठलं चिन्ह ते सांगणार. बायकोला दिसत नसे म्हणून तिचं बटण आप्पाच दाबणार. नियमात बसतं ते. सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात. मग दोन्ही हातांची बोटं काळी झालेले आप्पा गावभर असे रुबाबात फिरायचे, की विचारू नका.

माणूस वाईट नव्हता हो. नजर जात चालली तेव्हा बायकोचा हात धरून त्यांनीच तिला शेतातून, ओढ्यातून फिरवलं होतं. म्हणूनच तर वच्छलाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना आज आपलं बटण आपण दाबायचं होतं. बास, एवढंच.

तूर फुलली होती. पिवळ्यावर निळी झाक मारत होती. वच्छलाबाईंना वाटलं, आपण नारायणगडाच्या जत्रेला चाललोय. वळणावर आप्पांनी चिन्ह सांगितलं. आदिनाथनं मान डोलावली, वनमालानं पदर सारखा केला. वच्छलाबाई फुलांकडं बघत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

शाळेच्या खोलीत आप्पांचं मत झालं. मग वच्छलाबाईंचं नाव पुकारलं. आप्पांनी सवयीनं बायकोचा हात धरला आणि उजवं बोट शाईसाठी पुढं केलं.

"अवं, ऱ्हाऊ द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला दिसतंय की आता."

"अगं, भलतंच दाबशील."

"चुकलं तर माजं चुकंल."

हात आधी कुणी सोडला, आप्पांनी की आपण, हे वच्छलाबाईंना नंतरही कधी सांगता आलं नाही.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं त्या एकट्याच होत्या. यंत्रावर चिन्हं एकाखाली एक मांडलेली, सगळी निळ्या उजेडात, पाण्याच्या तळाशी असल्यासारखी. त्या रमून बघत राहिल्या.

"आजी, दाबा आता," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी दाबलं. लांबलचक आवाज आला आणि त्यांना उगाच रडू आलं.

मागून वनमालाही मत देऊन आली, सासूकडं बघून गालात हसली. बाहेर पडताच आप्पांनी विचारलं, "सांगितलं तेच ना?" दोघी एकमेकींना शाईचं बोट दाखवत पुढं निघाल्या. आदिनाथही चपला शोधण्यात गुंतला. आप्पांचं तोंड उतरलं.

चहाच्या टपरीवर बंकट उभा होता. पुढाऱ्याचा माणूस, कुणाची मतं कुठं पडली याचा अंदाज घेत असलेला.

"काय आप्पा, घरची चारीबी आपलीच ना?"

आप्पांनी बायकोकडं पाहिलं. ती त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत होती. असं कुणी आपल्याकडं बघतं, हे आप्पा विसरूनच गेले होते.

"माजं मला ठावं," ते शेवटी म्हणाले. "बाकीच्यांचं त्येंला इचार."

वच्छलाबाईंना नवरा त्या क्षणी लई आवडला.

बंकट गोंधळला. मग वच्छलाबाईंकडं वळून म्हणाला, "काकू, तुमी कुणाला टाकलं?"

उभ्या आयुष्यात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"काय म्हणलास?" त्या म्हणाल्या. "आजून येकदा इचार बरं."