पिवळ्या दिव्याची तार

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बळ्ळारी रस्त्यावर, येलहंका मागे टाकून हेब्बाळकडे जाताना, गाडीच्या डिकीतून धूर येऊ लागला. कुणाला इजा झाली नाही. प्राणेशने गाडी कडेला घेतली. त्याची धाकटी बहीण भार्गवी मागच्या सीटवरून उतरून धावली आणि डिकी उघडून तिने बॅटऱ्यांची मुख्य जोडणी ओढून काढली. पुण्याच्या कंपनीकडून गाडी बघायला आलेले उल्हास रुमाल नाकाला लावून लांब उभे राहिले.

ऑक्टोबर नव्व्याण्णवची ही गोष्ट. गाडी दोन जिवांची होती. पुढे पेट्रोलचं इंजिन, डिकीत बॅटऱ्या, आणि चाकांना जोर देणारी विजेची मोटर. चढावर दोघं मिळून ओढायची, ब्रेक दाबला की मोटर उलटी वीज करून बॅटऱ्या भरायची. अशी गाडी दोन वर्षांपूर्वी जपानमध्ये विकायला निघाली होती. इथे येलहंक्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या पांढऱ्या गाडीत ती बसवायला बहीणभावंडांना त्याहून जास्त काळ लागला होता. वेल्डिंग, ब्रेक, लोखंडाचं सगळं काम प्राणेशचं. इंजिनाला कधी कामाला लावायचं आणि मोटरला कधी, हे ठरवणारी कंट्रोलची पेटी भार्गवीची. त्या पेटीला काही खटकलं की ड्रायव्हरसमोर पेटणारा, इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवाही तिचाच.

त्या दिव्यापायी घरात तिची चेष्टा व्हायची. किल्ली फिरवली की तो क्षणभर पेटलाच पाहिजे, म्हणजे दिवा जिवंत आहे. इंजिन सुरू झालं की विझलाच पाहिजे, म्हणजे गाडी ठीक आहे. या दोन्ही गोष्टी स्वतः बघितल्याशिवाय ती गाडी हलू द्यायची नाही. "आमची भागू आरती झाल्यासारखी दिव्यापुढे हात जोडेल एक दिवस," असं प्राणेश म्हणायचा. आज सकाळीही तिने मागून वाकून बघितलं होतं. दिवा पेटला होता, इंजिन सुरू होताच विझला होता.

"मॅडम, मला एकच सांगा," उल्हास म्हणाले. "वॉर्निंग लाइट का नाही लागला?"

"लागायला हवा होता."

"हवा होता, पण लागला नाही ना. बॅटरी हीट झाली, ठीक आहे, प्रोटोटाइप आहे. पण सिस्टिमला ते कळलंच नाही, हे मी पुण्यात कसं एक्स्प्लेन करू?"

भार्गवीने भावाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. "पेटीचं सगळं तीच बघते, सर," तो म्हणाला. "मी मेकॅनिकल."

ते खरंच होतं. त्यामुळे त्यात काही टोचण्यासारखं आहे, हे तिला तेव्हा जाणवलं नाही.

हॉटेलची गाडी आल्यावर उल्हासनी जाता जाता सांगितलं, की उद्या सकाळी दहाला ते शेडवर येतील, दुपारी त्यांचं विमान आहे. तोपर्यंत उत्तर हवं. "पेटीवर भरवसा ठेवता आला नाही तर ती आम्ही घेणार नाही. आमची बसवू. बाकी गाडीचं काम प्राणेशना देता येईल, त्यांचं काम क्लीन आहे."

टेंपोला बांधून गाडी शेडमध्ये आणली. प्राणेश टेंपोवाल्याला सोडायला गेला तो जेवायलाही आला नाही. भार्गवी एकटीच गाडीत बसली.

काही चूक झाली की पेटी ती लक्षात ठेवायची. डॅशबोर्डखालच्या पेटीच्या दोन पिना तारेने जोडायच्या, किल्ली फिरवायची, की पिवळा दिवा मिचकायचा. किती वेळा मिचकला त्यावरून कुठे दुखतंय ते कळायचं. तिने तार जोडली, किल्ली फिरवली. दिवा मिचकला नाही. पेटला आणि पेटलेलाच राहिला. शेजारी ऑइलचा लाल दिवाही तसाच पेटलेला होता. इंजिन बंद असताना लाल दिवा पेटणारच, त्यात नवल नाही. पण बराच वेळ ती त्या दोन दिव्यांकडे बघत बसली, आणि मग उतरून तिने बॉनेट उघडलं. इंजिनावरच्या, ऑइलचा दाब कळवणाऱ्या बटणाची तार उपटली.

आत येऊन पाहिलं, तर लाल दिवा विझला होता आणि त्याच्याबरोबर पिवळाही.

तिने डॅशबोर्ड सोडवला. पिवळ्या दिव्याची पेटीकडून येणारी तार कापून तिचं टोक मागे दुमडून ठेवलं होतं. दिवा ऑइलच्या तारेला जोडला होता. म्हणजे किल्ली फिरवली की दोन्ही पेटणार, इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब चढला की दोन्ही विझणार. दिवा नुसता काढून टाकला असता तर तिने ते सकाळीच पकडलं असतं. ज्याने हे केलं त्याला ती काय बघते हे ठाऊक होतं.

आणि मग तिला जोड दिसला. टेप नव्हती. तारा एकमेकींवर पिळून, उलट्या वळवून, वरून मेणाच्या दोऱ्याने गच्च आवळल्या होत्या. इंजिनाच्या उष्णतेने टेप वितळते म्हणून आप्पाजींनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, हा जोड दोघांना याच शेडमध्ये शिकवला होता. आप्पाजी गेल्यावर तो बांधणारी दोनच माणसं उरली होती, आणि हा जोड तिने बांधलेला नव्हता.

तिने तार पुन्हा पेटीला जोडली. दिवा लगेच मिचकू लागला. दोनदा, थांबून चारदा. म्हणजे डिकीतला, बॅटऱ्या थंड ठेवणारा पंखा. तिने पंख्याची जाळी खोलली, तर आत झेंडूच्या पाकळ्या आणि दोरा पात्यांभोवती गुंडाळून काळा पडला होता. सोमवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला गाडीला केळीचे खुंट बांधले होते, मागे माळ सोडली होती. ती माळ पंख्याने ओढून घेतली होती.

प्राणेशची बायको, विमला वैनी, कॉफी घेऊन आली, तेव्हा भार्गवी जमिनीवर जाळी घेऊन बसली होती.

"वैनी, मंगळवारी देवळात गेलात तेव्हा गाडीत काही पिवळं पेटलं होतं?"

"हो की. मी विचारलं हे काय म्हणून. तुझा अण्णा म्हणाला, सण आहे, गाडीनेपण दिवा लावलाय." वैनी हसली आणि मग जाळीकडे बघून थांबली. "का गं? काय झालं?"

"काही नाही. कॉफी छान आहे."

मंगळवारी ती घरी होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं देत. दोन दिवस हत्यारं पूजेत मांडलेली, त्यामुळे शेडमध्ये कामाला कुणी फिरकलंच नव्हतं. बुधवारी सकाळी हत्यारं उचलली आणि प्राणेश तिला म्हणाला होता, "भागू, चिकपेटच्या बाजारातून स्वल्प जाड केबल आण, मला तिथली गर्दी सोसत नाही." ती दुपारी परतली तेव्हा तो गाडी पुसत होता.

प्राणेश चारच्या सुमाराला आला. डॅशबोर्ड उघडा बघून दारातच उभा राहिला.

"अण्णा, पंखा साफ करायला किती वेळ लागला असता?"

"नवा लागला असता. जळाला होता. नवा मुंबईहून यायचा."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू गाडी काढू दिली असतीस?"

"नाही."

"सरी, तेच तर. म्हणून नाही सांगितलं." तो स्टुलावर बसला. "अर्ध्या तासाची फेरी होती. अर्धा तास बॅटऱ्या टिकतील वाटलं मला."

"आणि रस्त्यावर? ते विचारत होते तेव्हा? 'पेटीचं सगळं तीच बघते'?"

वरून वायुदलाचं एक विमान गेलं, पत्रा थरथरला.

"तुला काय, उद्या कुठेही नोकरी मिळेल," तो म्हणाला. "मारतहळ्ळीकडे रोज नवी कंपनी उघडते. मला कोण ठेवणार? हे शेड सोडून मला काय येतं? त्यांना म्हण, प्रोग्रॅममध्ये चूक होती, सापडली, दुरुस्त केली. पेटी सुधारता येते, भागू. माणसाने तार कापली म्हटलं की तो माणूस संपला."

"पेटीने आपलं काम केलं होतं, अण्णा. मंगळवारीच केलं होतं. तू बघितलंस."

"माहितेय."

"मी तीन वर्षं तिला एवढंच शिकवलं. खोटं बोलायचं नाही."

"माहितेय म्हटलं ना." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तुझ्या शेजारीच बसलो होतो."

तेच तर होतं. तार कशी येते, कुठे वळते, ती स्वतः दिवा बघायला कुठल्या क्षणी मान पुढे काढते, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. तिने शिकवलं होतं ते सगळं त्याने नीट लक्षात ठेवलं होतं.

ती घरात गेली आणि हॉटेलला फोन लावला. उल्हास बाहेर गेले होते. आल्यावर फोन करा, महत्त्वाचं आहे, असा निरोप तिने नाव सांगून ठेवला. मग शेडमध्ये येऊन डॅशबोर्ड तसाच उघडा ठेवला आणि डिकीतल्या बॅटऱ्या एकेक करून मीटरने तपासायला घेतल्या. तीन गेल्या होत्या.

साडेसातला घरात फोन वाजला. हात ॲसिडने भरलेले, ते धुऊन ती ओसरीवर पोचेपर्यंत रिसीव्हर प्राणेशच्या हातात होता. "हो सर," तो म्हणत होता. "हो, सापडलं." तिने हात पुढे केला. त्याने पाठ वळवली नाही, पण रिसीव्हरही दिला नाही. आणखी थोडं ऐकून "सरी सर, ठीक आहे, गुड नाइट" म्हणाला आणि फोन ठेवला.

"दहाला येतायत," तो म्हणाला. "तू बोललंच पाहिजेस असं काही नाही, म्हणाले."

काय सापडलं असं त्याने सांगितलं, ते तिने विचारलेलं नाही. हॉटेलचा नंबर तिने पुन्हा फिरवला आहे. खोलीतला फोन कुणी उचलत नाही.