जोनच्या घरचा पाहुणचार

मदत द्यायला माणसं घरी येणार म्हटल्यावर शहाण्या बाईने काय करावं? घर आहे तसं ठेवावं. सिंकमधली भांडी सिंकमध्येच असू द्यावीत, फ्रीज उघडला तर आतला दिवा तेवढा दिसावा. जोन तुस्कानोने काय केलं? सकाळी सहाला उठून सगळा बेसमेंट, म्हणजे तळघरातलं त्यांचं भाड्याचं घर, व्हॅक्यूम केला, वॉशरूम घासलं, सोफ्यावर लग्नात आलेली चादर घातली आणि चहाचे चांगले कप काढून पुसून ठेवले. वसईच्या बाईच्या घरी दोन माणसं येणार आणि घर पसरलेलं असणार, हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं. डोकं म्हणाल तर ते महिनाभर बंदच होतं. हात आपले चालत होते.

बंद पडायला कारणही तसंच होतं. तिचा नवरा स्टीव्हन कॅनडातल्या वॉन शहरातल्या एका वेअरहाउसमध्ये कामाला होता. सप्टेंबरात त्याचा उजवा हात सामान वाहणाऱ्या पट्ट्यात सापडला. ऑपरेशन फुकट झालं, देवाची कृपा. डॉक्टरने बजावून सांगितलं, तीन महिने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, रोज व्यायाम करायचा, मग मूठ पूर्वीसारखी वळेल. घाई केलीत तर बोटं लाकडासारखी राहतील. नुकसानभरपाईची केस कुठल्या तरी फायलीत पडून होती, कारण त्याला कामावर लावणारी एजन्सी म्हणत होती की हात याने स्वतःहूनच घातला. जोन संध्याकाळी ऑफिसं साफ करायला जायची, तीही अशा इंडस्ट्रियल पार्कमध्ये जिथे सहानंतर बस फिरकत नाही, म्हणून गाडी ठेवणं भाग. तिचा बहुतेक पगार भाड्यात आणि गाडीत संपायचा. उरलेल्यात आठ वर्षांच्या लेकीचं, टेसाचं दूध, पाव आणि तांदूळ.

शेवटी स्टीव्हननेच चर्चच्या मदत मंडळाचा फॉर्म आणला आणि डाव्या हाताने भरला. फॉर्मवर नाव, पत्ता, फोन, बस्स. बाकीचं तोंडाने सांगायचं, कारण मंडळाची रीतच तशी होती. दोन जण घरी येणार, बसणार, विचारणार, आणि माणूस स्वतः हो म्हणाला की पुढच्या आठवड्यापासून किराणा सुरू.

“तीन महिन्यांचा किराणा मिळाला तर माझा हात वाचेल,” स्टीव्हन तिला म्हणाला होता. “एवढंच सांग त्यांना. लाजू नकोस.”

लाजायचं काय त्यात? कामावर जाताना गाडीत तिने इंग्रजीत घोकूनसुद्धा ठेवलं होतं, वुई डोन्ट हॅव इनफ फूड. इंग्रजीत ते म्हणताना काहीच वाटत नव्हतं, रस्त्यावरची पाटी वाचावी तसं.

त्या दिवशी स्टीव्हन दुखण्याची गोळी घेऊन आतल्या खोलीत पडला होता. तिने दार ओढून घेतलं. साडेदहाला बेल वाजली. आधी आल्या क्रिस्टाबाई, पांढरे केस, शाळेतून रिटायर झालेल्या, दारातच बूट काढणाऱ्या. आणि त्यांच्या मागून टोपी काढत आत आला एक सत्तरीचा आपल्याकडचा माणूस. त्याने भिंतीवरची येशूच्या हृदयाची तसबीर पाहिली, तिला घातलेला कागदी फुलांचा हार पाहिला आणि सरळ मराठीत विचारलं, तुम्ही वसईच्या का?

संपलं. दहा मिनिटांत कळलं की हे हेरॉल्ड परेरा, गाव निर्मळ, आणि जोनच्या नंदाखाल गावातल्या मावशीच्या लग्नात यांनी बँडबाजा वाजवलेला. तो हेरॉल्ड अंकल झाला आणि ती बाय झाली. आता बाय पाहुण्याला कोरड्या तोंडाने बसवणार का?

एरवी दूध एका माणसाच्या चहापुरतंच घ्यायची, ते तिने सगळं ओतलं. चार अंडी होती, चारही फोडली. पावाच्या कडा कापल्या. आईने वसईहून पाठवलेलं सुकेळ्यांचं पुडकं नाताळसाठी जपून ठेवलं होतं, तेही सोडलं आणि वाळकी गोड केळी बशीत मांडली. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं, पण दुसऱ्याच कोणाच्या घरात चाललंय असं दिसत होतं.

हेरॉल्ड अंकल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. जीव लावणारा, बोलघेवडा, दर शनिवारी स्वतःच्या कंबरेची पर्वा न करता लोकांच्या जिन्यांवरून पिशव्या चढवणारा. सुकेळी पाहून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्याने लहानपण काढलं. दोघा भावांत एक सदरा, शाळेत अनवाणी, रात्री पेज आणि पेजेत मीठ. गरिबी आम्ही पाहिली, म्हणाला. आणि क्रिस्टाबाईंकडे वळून तेच इंग्रजीत सुरू झाला, की इथे लोकांकडे हीटिंग असतं, नळाला गरम पाणी असतं, खिशात फोन आणि दारात गाडी असते, आणि तरी हे गरीब. अमेरिका काय, कॅनडा काय, या खंडात गरिबीसुद्धा चैनीची आहे.

क्रिस्टाबाई हसल्या नाहीत. पंधरा वर्षं हेच काम करत होत्या. इथे गाडी म्हणजे पायातला बूट आहे हेरॉल्ड, म्हणाल्या, ती नसली तर माणूस कामावरच पोचत नाही. आणि हीटिंग नसलं तर जानेवारीत मरतो. भाडं भरल्यावर ज्याला खायचं काय हा प्रश्न पडतो तो गरीब, मग त्याच्या खिशात फोन असो नाहीतर आणखी काही. हेरॉल्ड अंकलने मान हलवली, पण पटलं नव्हतंच. त्याने बशीकडे बोट दाखवलं. हे बघा, म्हणाला, आमची माणसं. आमच्यात कोणी उपाशी राहत नाही, आम्ही निभावून नेतो. फादरनेच सगळ्या नव्या कुटुंबांची नावं मदतीच्या यादीत घातलेली दिसतायत.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने जोनच्या घरचा चहा प्यायला नव्हता.

तिच्या नवऱ्याचं अंकलने विचारलं. कामावर गेलाय, ती म्हणाली. म्हणून गेली, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचंही तिने टाळलं.

क्रिस्टाबाईंनी मात्र पेन उघडलं. त्यांनी कप बाजूला सरकवला, जोनच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळू, स्वच्छ शब्दांत विचारलं, तुम्हाला किराण्याची मदत हवी आहे का? जोनचं तोंड उघडलं. समोर हेरॉल्ड अंकल शेवटचं सुकेळं चघळत कौतुकाने बघत होता. उद्या हा निर्मळला फोन करणार, तिथून नंदाखालला बातमी जायला चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही. बाईंनी पुन्हा विचारलं.

“वुई आर फाइन,” जोन म्हणाली. “थँक यू. वुई आर फाइन.”

बाईंनी कागदावर फुली मारली. माणूस नको म्हणाला की यांनी बळेच द्यायचं नाही, ही पण मंडळाची रीतच. निघताना हेरॉल्ड अंकलला भलतीच कल्पना सुचली. तुझ्याकडे गाडी आहे, शनिवार मोकळा आहे, मग तू ये ना आमच्याबरोबर पिशव्या पोचवायला. जोन हो म्हणाली. नाही कसं म्हणायचं, हे तिला सुचलंच नाही.

संध्याकाळी स्टीव्हनला तिने सांगितलं, आत्ता जमणार नाही म्हणाले. तो बरं म्हणाला. पुढच्या सोमवारी तो दुसऱ्या एका एजन्सीतून खोके चढवायच्या कामावर गेला. हाताला पट्टी बांधून, वर मोठा हातमोजा घालून, म्हणजे कोणी विचारायला नको. तिने अडवलं नाही. अडवून ताटात काय वाढणार होती?

त्यानंतर सहा शनिवार जोनने हेरॉल्ड अंकलला शेजारी बसवून गावभर किराणा वाटला. पेट्रोल हिचं, गाडी हिची. मागच्या सीटवर भरलेल्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये टेसा, कारण स्टीव्हन शनिवारीही कामावर असायचा आणि तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. लोकांचे जिने, लोकांची दारं, लोकांचे फ्रीज. लोक थँक यू म्हणायचे आणि ती यू आर वेलकम म्हणायची. वाईट वाटत होतं का तिला? नाही हो. दात काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, तशी ती होती. आहे, पण आपली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरने स्टीव्हनची बोटं एकेक करून दाबली. शेवटची दोन आता वळणार नाहीत, म्हणाला, तिसऱ्याचं बघू. तुम्ही काम करत होतात का? स्टीव्हन म्हणाला, थोडंसं. डॉक्टरने ते लिहून घेतलं. येताना गाडीत दोघं बर्फाविषयी बोलले.

त्याच आठवड्यात शनिवारी टेसाला थोडा ताप होता म्हणून ती वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे होती. जोन आणि अंकल एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाकडे गेले. कोणी काही न विचारता त्याने स्वतःच फ्रीज उघडून दाखवला. एवढंच उरलंय, म्हणाला, आणि माझी पेन्शन यायला नऊ दिवस आहेत. त्याला ना लाज ना संकोच. भाजी किती हवी, कॉफी कुठली आवडते, तेही सांगून मोकळा झाला. गाडीत बसल्यावर हेरॉल्ड अंकल हसायला लागला. पाहिलंस ना, अंडी होती, चीज होतं, अर्धा कॅन दूध होतं. आणि हा म्हणे गरीब.

जोनने गाडी एका बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि उभी केली.

“अंकल, माझ्या घरी दूध नाही.”

मग वाटेत घेऊ की, अंकल म्हणाला.

“घ्यायला पैसे नाहीत. तुम्ही आलात त्या दिवशीही नव्हते. जे होतं ते तुम्हाला वाढलं.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. पट्टा, हात, केस, तीन महिने, खोके, दोन बोटं. आवाज चढला नाही, रडू आलं नाही, वाण्याला यादी सांगावी तसं सांगितलं. अंकलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मग तेव्हा का नाही बोललीस, बाय?”

“तुम्ही होतात म्हणून,” जोन म्हणाली. “एकटी क्रिस्टा आली असती तर बोलले असते.”

परमुलखात आपलं माणूस भेटावं म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारे लोक आम्ही. अंकलने क्रिस्टाबाईंना फोन लावला. वीस मिनिटांत त्या आल्या, जोनच्या गाडीत मागे बसल्या आणि तोच प्रश्न त्याच स्वच्छ शब्दांत विचारला. अंकल बाहेर बर्फात पाठ करून उभा राहिला होता. वुई डोन्ट हॅव इनफ फूड, जोन म्हणाली. एका दमात आलं. फॉर्म अर्ध्या पानाचा होता, दोन मिनिटं लागली. गाडीत शिल्लक होत्या त्यातल्याच दोन पिशव्या बाईंनी तिच्या नावावर लिहिल्या.

घरी आली तेव्हा स्टीव्हन शिफ्ट संपवून टेबलाशी बसला होता. तिने पिशव्या टेबलावर ठेवल्या. कोट काढायच्या आधीच तिने बोलून टाकलं, की चर्चवाले नाही म्हणाले नव्हते, मीच नको म्हणाले.

“माहीत आहे,” स्टीव्हन म्हणाला. “मी जागा होतो. बाहेर यायला उठलोसुद्धा होतो. मग वसईचा आवाज ऐकला आणि परत जाऊन पडलो.”

जोन कोट घालूनच खुर्चीवर बसली. दीड महिना हा माणूस रोज पहाटे उठून खोके उचलायला गेला होता, आणि रोज पहाटे हिने त्याला डबा दिला होता, आणि मदत कोणी नाकारली ते दोघांना माहीत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी झालं. राग आला. कोणावर ते शोधायला गेली तर घरात ही दोघंच होती.

तेवढ्यात शेजारणीकडून टेसा आली. सहा शनिवार पिशव्यांमध्ये बसून गेलेली पोर ती, पिशवी ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? तिने आतला सीरियलचा खोका पाहिला, हात पुढे केला, मग मागे घेतला.

“मॉम, इज दिस फॉर अस? ऑर इज इट फॉर द पुअर पीपल?”

जोनने स्टीव्हनकडे पाहिलं. स्टीव्हनने खोका स्वतःकडे ओढला.

“आपलाच आहे,” तो म्हणाला, आणि उजव्या हाताने उघडायला गेला. दोनदा प्रयत्न केला. मग टेसानेच तो त्याच्याकडून घेतला आणि उघडला.