पंधरा मिनिटांचं काम

मार्गशीर्षातल्या सकाळी इंद्रायणीवरून आलेलं धुकं ट्रकच्या काचेवर दाट साचलेलं असायचं, आणि दौलतभाऊ ते पुसायला कधी फडकं घेत नसत. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा उघडा तळहात ते काचेवरून संथपणे फिरवत, आणि त्या ओल्या पट्ट्यातून कोवळं ऊन केबिनमध्ये उतरे. तो हात रुंद होता, रापलेला होता, आणि त्याला घाई ठाऊक नव्हती. तळेगावातल्या आमच्या बांधकाम-सामानाच्या धंद्यात ते वडिलांच्या काळापासून ड्रायव्हर होते. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून, एक शब्दही न बोलता.

वडील गेले, धंदा माझ्याकडे आला. दौलतभाऊंच्या तोंडचं ‘बाळासाहेब’ मात्र तसंच राहिलं. त्या हाकेत माया होती. मला ती चारचौघांत टोचू लागली होती.

त्या वर्षी ट्रकच्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. गाडी सरळ धावू लागली, पण स्टिअरिंग डावीकडे पाव फेरा कललेलं राहिलं. सरळ रस्त्यावर वाकडं स्टिअरिंग धरून दौलतभाऊ गाडी परत घेऊन आले आणि आम्ही दोघं परंदवडीच्या रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे स्टिअरिंग वरून उपसायचं आणि सरळ करून पुन्हा बसवायचं. दुसरी म्हणजे खाली वाकून, स्टिअरिंगचं वळण चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीपासून चाकापर्यंत जाणारा दांडा सैल करायचा आणि त्याची लांबी जुळवायची.

“दांडाच जुळवा,” दौलतभाऊ म्हणाले. “वरून बसवलं तर नुसतं दिसाय सरळ दिसंल. पेटी आतून वाकडीच ऱ्हाती. मग एका अंगाला गाडी पुरी वळत न्हाई.”

“वरूनच बसवा,” मी म्हणालो.

“बाळासाहेब, तुमाला न्हाई कळायचं यातलं.”

गॅरेजात चहा पीत बसलेली दोन-चार माणसं हसली. त्या हसण्यात विष नव्हतं. पण माझ्या कानात ते उकळत्या तेलासारखं उतरलं.

“गाडी कोणाची आहे?” मी विचारलं. “तुम्ही चालवायचं काम करा. डोकं चालवायला मी आहे.”

दौलतभाऊंनी मान खाली घातली. मिस्त्रीने स्टिअरिंग उपसलं, फिरवलं, बसवलं. मला त्या दिवशी कसलीही घाई नव्हती, हे आज मी लिहून ठेवतो. मला फक्त त्यांचं ऐकायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी आंदर मावळात एका बंगल्याच्या कामावर सिमेंट पोचवायचं होतं. वाट दौलतभाऊंच्याच गावावरून जात होती. भातं निघालेली, खाचरं मोकळी, आणि डोंगराच्या कुशीत कापलेल्या पेंढ्यांचा पिवळा, गोडसर वास रेंगाळलेला. गावाच्या अलीकडे डावीकडे एक अवघड वळण आहे. वर्षानुवर्षं ते एका दमात घेणाऱ्या माणसाच्या हातात त्या दुपारी स्टिअरिंग मध्येच थांबलं. पाव फेरा, फक्त पाव फेरा कमी पडला. गाडी मागे घेऊन पुन्हा वळवावी म्हणून त्यांनी ती रिव्हर्सला टाकली. मागचं चाक कडेच्या भुसभुशीत मातीत रुतलं, कड सुटली, आणि भरलेला ट्रक एका कुशीवर खाचरात आडवा झाला.

मी पोचलो तेव्हा सारा गाव बांधावर उभा होता. उन्हात सिमेंटची राखाडी धूळ तरंगत होती. दौलतभाऊ पेंढ्यांच्या गंजीला टेकून बसले होते. उजवा खांदा निखळला होता, तो त्यांच्या बायकोने स्वतःच्या पदराने सावरून धरला होता.

“डोळे गेलेत का तुमचे?” मी ओरडलो.

ते उठायचा प्रयत्न करत म्हणाले, “डावीकडं पुरं फिरलंच न्हाई, बाळासाहेब. मी त्या दिशी म्हनलं व्हतं...”

“गाडी ठीक होती. तुम्ही म्हातारे झालात.”

बांधावर त्यांच्या सुना होत्या, व्याही होते, ज्यांची पोरं त्यांनी ट्रकमधून शाळेपर्यंत सोडली होती ती माणसं होती. त्या सगळ्यांसमोर मी हात पुढे केला. “किल्ली.”

त्यांनी ती डाव्या हाताने दिली. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. आळ घेणाऱ्याला शेवटची संधी देणारी ती नजर होती, आणि मी ती हातची घालवली.

पुढे ट्रक दुसऱ्या गॅरेजात नेला. तिथल्या माणसाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, फेरे मोजले, आणि म्हणाला, “पेटी मधोमध नाही, शेठ. डावीकडे कमी पडते. वरून कोणी बसवलं हे?” त्याने खाली शिरून दांड्याचे नट सैल केले, लांबी जुळवली, नट आवळले. मी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं.

तिथून आंदर मावळ तासाभराच्या अंतरावर होता. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असंही मनात आलं नाही. उलट एक गार, निर्लज्ज सुटका वाटली की हे या गॅरेजवाल्याखेरीज आणि माझ्याखेरीज कोणाला माहीत नाही.

खांदा सांधला, पण गाडी पुन्हा कोणी त्यांच्या हाती दिली नाही. खाचरात ट्रक पाडणारा ड्रायव्हर म्हणून नाव पंचक्रोशीत झालं होतं. शिरगावच्या देवळाबाहेर ते शिट्टी फुंकत भाविकांच्या गाड्या लावून देत. एका गुरुवारी माझी मोटार त्यांच्यापुढे आली. जागा दाखवून ते खिडकीशी वाकले.

“गाडी वळती का आता, डावीकडं?”

आवाजात राग नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी ‘व्हय’ म्हणावं.

“ती आधीही वळत होती, दौलतभाऊ,” मी म्हणालो, आणि काच वर घेतली.

गेल्या माघात ते गेले. दहाव्याला नदीकाठी गाव जमला होता. पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं चालली होती, आणि जुना मालक म्हणून ध्वनिक्षेपक माझ्या हाती आला. पुढे त्यांची बायको बसली होती. खरं बोलायला याहून मोठी सभा आणि याहून योग्य घटका मला पुन्हा मिळणार नव्हती. मी उभा राहिलो. त्यांच्या कष्टांविषयी बोललो, इमानाविषयी बोललो. मग माझ्याच आवाजात, स्वच्छ आणि गहिवरून, मी म्हणालो, “एक ती चूक सोडली, तर असा ड्रायव्हर मावळात झाला नाही.”

त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे पाहून हात जोडले.

जिवंत माणसाशी केलेला अन्याय निदान त्याच्या दाराशी नेऊन ठेवता येतो. गेलेल्या माणसाला दार नसतं, आणि काळ एरवी सारं पुसट करत नेत असला, तरी ज्याची क्षमा मागायची राहून गेली त्याचा चेहरा तो दिवसागणिक अधिक स्पष्ट करत जातो.