मुळाबरहुकूम

जुळारी त्या दिवशीही सहा वाजून दहा मिनिटांनीच उठला. गजर सव्वासहाचा लावलेला असे. तो वाजण्याआधीच बंद करायचा आणि त्या पाच मिनिटांचे श्रेय स्वतःला द्यायचे, ही त्याची जुनी खोड होती. त्याने मागच्या खिडकीची कडी काढली, दोन बादल्या भरल्या, दुधाचे पातेले गॅसवर ठेवले आणि दूध वर येईपर्यंत तिथेच उभा राहिला. गेल्या आठवड्यात उतू गेलेल्या दुधावरून त्याने पुष्कळ ऐकून घेतले होते. मग दोघांच्या कपड्यांना इस्त्री केली. कॉलरच्या आतल्या बाजूने सुरुवात करावी, हे त्याला बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवले होते, आणि तेव्हापासून त्यात एकदाही चूक झाली नव्हती.

बायको स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसली होती. ती मुद्रितशोधक. दोघेही एकाच पाठ्यपुस्तक छापखान्यात एकतीस वर्षे नोकरीला होते. त्याने अक्षरे जुळवायची आणि तिने त्यांतल्या चुका काढायच्या. छापखान्यातले लोक म्हणत, यांच्या घरात भांडणसुद्धा तिसऱ्या मुद्रितानंतरच पक्के होते.

तिच्या हातात लाल पेन होते आणि समोर त्याचा कागद.

"अगं, तो आजच्या परीक्षेच्या सूचनांचा कागद आहे," तो म्हणाला.

"दिसतंय की. 'पध्दत' लिहिलंय बघा. ध ला द! आणि 'सुचना' ऱ्हस्व. संगणक विभागातल्या त्या मुलीला सगळं येतं म्हणे, सू दीर्घ काढता येत नाही."

"तिने घाईत लिहिला असेल."

"घाईत लिहिलेलं वाचायला जन्मभर आपण बसलोच आहोत." तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आणि ही अवतरणचिन्हं! सगळी उभी, खिळे ठोकल्यासारखी. उघडणारं कुठलं, मिटणारं कुठलं, काही पत्ता नाही. दोन संयोगचिन्हं शेजारी शेजारी ठेवून म्हणे रेघ झाली."

तिने प्रत्येक उभ्या चिन्हापाशी लाल वळण काढले, आत वळणारे आणि बाहेर वळणारे. जोडीच्या संयोगचिन्हांवर कंस टाकून समासात एक लांब रेघ लिहिली. चहा निवत होता.

"संगणकाला चालेल ना?" त्याने विचारले.

"शुद्ध लिहिलेलं कुणाला चालत नाही?" ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून तिने तो त्याच्या खिशात ठेवला. खिसा वरून नीट दाबलाही.

परीक्षा कसली, ते साऱ्या छापखान्याला पंधरा दिवसांपासून ठाऊक होते. यापुढे पुस्तकांची पाने माउसने ओढून जुळवायची नव्हती. मजकूर साध्या फायलींत लिहायचा आणि काळ्या खिडकीत कमांड देऊन त्याचे पुस्तक बनवायचे, असे ठरले होते. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या यंत्रावर आधी पॅकेज मॅनेजर बसवायचा. हा पॅकेज मॅनेजर म्हणजे एक प्रकारचा भांडारपाल. त्याला नाव सांगितले की हवे ते अवजार तो आणून ठेवतो. त्याच्याकरवी पुस्तक बनवणारे अवजार आणायचे आणि एक पान काढून दाखवायचे. वेळ पाऊण तास. ज्यांना जमेल ते नव्या विभागात. ज्यांना जमणार नाही त्यांनी गोदामात जाऊन गठ्ठे मोजायचे. जुळाऱ्याला निवृत्त व्हायला अडीच वर्षे होती. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांपासून पडद्यापर्यंत त्याच्या बोटांनी अक्षरांखेरीज काही हाताळले नव्हते, आणि अडीच वर्षे सुतळी हाताळण्याची कल्पना त्याला सहन होत नव्हती.

बायकोची नेमणूक परीक्षेविना आधीच झाली होती. विभागप्रमुख सर्वांसमोर म्हणाले होते, "या फायलींत एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की अख्खं पुस्तक अडतं. म्हणून बाईंना पर्याय नाही."

दहा वाजता तेरा जण आपापल्या यंत्रांसमोर बसले. संगणक विभागातली मुलगी, जिने तो कागद लिहिला होता, मध्ये उभी होती. तिलाही नोकरीला लागून चारच महिने झाले होते.

"घाबरू नका," ती म्हणाली. "पहिली लांब ओळ मी प्रत्येकाच्या यंत्रावर लिहूनच ठेवलीय, ती फक्त चालवायची. शेवटच्या दोन ओळी मात्र स्वतः टाइप करा. त्या विसरलात तर भांडारपाल घरात येईल, पण तो कुठल्या खोलीत आहे हे यंत्राला कळणार नाही. हाक मारली की म्हणेल, असं कुणी राहत नाही."

सगळे हसले. बांधणीतला एक जण म्हणाला, "आमच्या मेव्हण्यासारखं. असतो घरातच, पण मागायला आलेल्याला सापडत नाही."

"आणि एक नियम," विभागप्रमुख दारातून म्हणाले, "कागदात चूक निघाली तर पुन्हा संधी. करणाऱ्याची चूक असेल तर नाही."

जुळाऱ्याने पहिली ओळ चालवली. अक्षरे भराभर वर सरकू लागली. अकरा मिनिटांनी ती थांबली, आणि सगळे ठीक झाल्याचा निरोप आला. त्याखाली पडद्यावरच यंत्राने आता पुढे टाइप करायच्या दोन ओळी लिहून दाखवल्या. जुळाऱ्याने त्यांच्याकडे ओझरते पाहिले. मग त्याने खिशातला कागद काढला, उलगडला, डाव्या हाताला ठेवला आणि त्यावर पट्टी आडवी धरली.

जुळारी मूळ पाहून जुळवतो, आणि मुळावर लाल शाई असेल तर लाल शाई हेच मूळ. हा धंद्याचा पहिला नियम होता आणि त्याने तो कधी मोडला नव्हता. तरुणपणी एका लेखकाने नद्यांवरच्या धड्याच्या समासात कुणासाठी तरी 'दोन चहा सांग' असे लिहिले होते. ते त्याने धड्यात जिथे खूण होती तिथे जुळवले. तेव्हापासून छापखान्यात त्याचे नावच 'बरहुकूम' पडले.

वळणदार अवतरणचिन्हे त्या कीबोर्डवर कुठे छापलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला ती उमटवता आली नसती. बरहुकूमला त्यांच्या जोडकळा पाठ होत्या. त्याने उघडणारे चिन्ह उघडते काढले, मिटणारे मिटते. लांब रेघ लांबच काढली. दोन्ही ओळी शेवटच्या टिंबापर्यंत ताडून पाहिल्या. मग कागदात सांगितल्याप्रमाणे ती खिडकी बाजूला ठेवून नवी उघडली.

नव्या खिडकीत पहिलीच ओळ उमटली: कमांड नॉट फाउंड.

त्याने भांडारपालाचे नाव टाइप केले. कमांड नॉट फाउंड. पुन्हा केले. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत केले. खिडकी दोनदा उघडली, दोन्ही वेळा ती तेच म्हणत उघडली. शेजारी बांधणीतला मेव्हणेवाला पान काढून हात वर करत होता. पाऊण तास झाला तेव्हा दहा जणांची पाने निघाली होती.

जेवणाच्या सुट्टीत बायको त्याच्या मेजाशी आली. ती बसली नाही.

"दहा जण, अहो. त्या बांधणीवाल्याला जमलं! त्याला स्वतःच्या पगारपत्रकावर सही कुठे करायची ते दाखवावं लागतं."

त्याने पट्टी कागदाच्या कडेला जुळवली.

"कागद शुद्ध करून हातात दिला होता. एकेक चिन्ह. आता काय तुमची बोटं धरून कळा दाबायला हव्या होत्या?"

"काहीतरी राहिलं माझ्याकडून."

"राहिलं! तुमच्याकडून काही राहत नाही, तुम्हाला जमत नाही, एवढंच. लोकांना काय सांगू मी? माझ्याकडे बघून हसतात सगळे." तिचा आवाज शेवटी किंचित फुटला आणि तो फुटल्याचाही तिला राग आला. "डबा खाऊन घ्या," असे म्हणून ती गेली.

खोली रिकामी झाली होती. जुळाऱ्याने डबा उघडला नाही. कुणाला दाखवायचे नव्हते. तरी न सापडलेली चूक तशीच टाकून उठणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने आधीच्या खिडकीतला मजकूर वर सरकवत सरकवत पॅकेज मॅनेजर बसल्याच्या निरोपापर्यंत नेला. यंत्राने लिहून दाखवलेल्या दोन ओळी तिथे अजून होत्या. त्याखाली त्याने टाइप केलेल्या. त्याने पट्टी पडद्यावर आडवी धरली आणि मुद्रित ताडून पाहावे तसे एकेक चिन्ह ताडले.

यंत्राची चिन्हे उभी होती. खिळे ठोकल्यासारखी. त्याची वळणदार.

त्या ओळी ज्या सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन बसल्या होत्या, तिच्यात त्याने सहा चिन्हे उभी केली, एका लांब रेघेची दोन संयोगचिन्हे केली आणि नवी खिडकी उघडली. ती काही न बोलता उघडली. भांडारपालाला हाक मारली. त्याने ओ दिली. पुस्तक बनवणारे अवजार आणायला सांगितले, आणले. पान काढले. चार मिनिटे लागली असतील. पान सुबक होते, आणि ते पाहून त्याला जो राग आला तसा खिडकीतली चूक पाहतानाही आला नव्हता. उत्तर सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर छापलेले होते, आणि त्याने त्यावर नव्हे, तर लाल शाईवर विश्वास ठेवला होता.

"काका?"

संगणकवाली मुलगी मागे उभी होती. ती बराच वेळ उभी असावी.

"तुमचं झालं की! मग सकाळी काय झालं होतं?" तिने वाकून आधीच्या खिडकीतला मजकूर वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ही वळणदार अवतरणं कुठून आली? माझ्या कागदावर तर सरळ आहेत. यंत्राला ही अवतरणं वाटतच नाहीत हो, नुसती अनोळखी अक्षरं वाटतात."

"बोटांची सवय," तो म्हणाला.

"सवयीने कुणी चार कळा एकदम दाबतं का, काका?" तिची नजर त्याच्या डाव्या हाताखालच्या कागदावर गेली. तांबडे काहीतरी दिसत होते. त्याने कागदाची घडी केली. "दाखवा ना. तुमच्या कागदावर काही वेगळं असेल तर साहेबांना सांगू. पुन्हा संधी मिळेल. मिळायलाच हवी, तुम्हाला येतंय की."

"तुझा कागद बरोबर होता."

"मग तर दाखवाच."

कागद दाखवला तर तो नव्या विभागात जाणार होता, हे नक्की. आणि विभागप्रमुख त्या लाल खुणा वाचणार होते. त्यांना तो हात ओळखायला सही लागणार नव्हती. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की अख्खं पुस्तक अडतं. मग बाई गोदामात जातील, किंवा जाणार नाहीत आणि प्रत्येक फाइल दुसऱ्याकडून तपासून घेतली जाईल. तिला दोन्ही सारखेच. एकतीस वर्षे तिने त्याचे कपडे, दूध, बोलणे, सगळे दुरुस्त केले होते, आणि तिची एक तरी चूक हाती लागावी असे त्याला कितीदा तरी वाटले होते. आता लागली होती. घरी जाऊन मेजावर ठेवावी, लाल खुणा वर येतील अशी, एवढीही इच्छा त्याला झाली. तिचा चेहरा कसा होईल ते त्याला अगदी नेमके दिसले. पाहवले नाही.

"जा तू, मुली," तो म्हणाला. "माझं जेवण राहिलंय."

तीन वाजता न जमलेल्या तिघांना फॉर्म मिळाले. 'अपयशाचे कारण' असा रकाना होता. जुळाऱ्याने त्यात आपल्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिले: टंकन करताना माझ्याकडून चूक झाली.

विभागप्रमुखांनी ते वाचले आणि हसले. "बरहुकूम, तुम्ही आणि चूक? शेवटी वय कुणाला सोडतं!" हसण्यात वाईटपणा नव्हता. त्यांनी शिक्का मारला. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. तिने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. जुळाऱ्याने तिच्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली, तेव्हा तिने ते मिटले.

बाहेर येऊन तो घराच्या वाटेकडे न वळता कटिंगच्या खोलीत गेला. यंत्राचे पाते वर होते आणि कटिंगवाला पुस्तकांच्या थप्पीच्या कडा सरळ करत होता. जुळाऱ्याने खिशातला कागद काढला, थप्पीच्या बाहेर येणाऱ्या कडेवर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

"कामाचा नाही ना?" कटिंगवाल्याने विचारले.

"नाही."

"मग हात काढा."

त्याने हात काढला. पाते खाली आले. लाल खुणांच्या पट्ट्या पांढऱ्या कातरणांबरोबर पोत्यात पडल्या, आणि पाते दुसऱ्यांदा खाली येईपर्यंत तो तिथेच थांबला. मग गोदाम सकाळी किती वाजता उघडते ते विचारायला तो जिना उतरून खाली गेला.